न बांधलेल्या प्रकल्पाचा अभियंता



दरवर्षी एक पुष्प एखाद्या दिवंगत कर्त्या माणसाच्या स्मरणार्थ गुंफायचे, अशी आपल्या मालेची रीत आहे. या व्यासपीठावरून आजवर संतांची, सुधारकांची, गवयांची, शास्त्रज्ञांची आठवण निघाली. सरकारी नोकराची बहुधा आज पहिल्यांदाच निघते आहे. बरे, हा नोकर कोणी मोठा कलेक्टर किंवा सचिव म्हणून गाजलेला नाही. सांडपाण्याचा अभियंता. नाव ध्रुवज्योती घोष, गाव कोलकाता. पश्चिम बंगाल सरकारच्या पर्यावरण खात्याचे मुख्य पर्यावरण अधिकारी या पदापर्यंत ते पोचले आणि 16 फेब्रुवारी 2018 रोजी गेले. विषय कळल्यावर कार्यवाहांनी मला फोनवर हळूच विचारले, 'सांडपाण्यावर तासभर? लोक बसतील ना?' आपण बसला आहात, त्याबद्दल आभार.

माझी सगळी नोकरी मलनिःसारण खात्यात गेली. या खात्याचा स्वभाव मला आतून ठाऊक आहे. नळाला पाणी आले नाही तर नगरसेवक दारात येऊन उभा राहतो. वापरलेले पाणी मोरीतून खाली उतरले की मात्र त्याच्याशी कोणाचा संबंध उरत नाही. ते पुढे कुठे जाते हे मंत्र्याला ठाऊक नसते, पत्रकाराला नसते, घरमालकाला तर नसतेच. घोष मला मोठे वाटतात ते इथून. शहरातून बाहेर गेलेल्या पाण्याच्या मागे ते चालत गेले, पलीकडे काय चालले आहे ते त्यांनी पाहिले आणि जे पाहिले ते सरकारी कागदावर आणले. पुढची पस्तीसेक वर्षे तो कागद त्यांनी कोणाला फाडू दिला नाही. त्यांच्या कर्तृत्वाची कोनशिला कुठेही सापडणार नाही. कोलकात्याच्या सांडपाण्यासाठी कोट्यवधींचे शुद्धीकरण केंद्र बांधायची गरज नाही, ते काम आधीच चालू आहे, एवढे सिद्ध करण्यात या अभियंत्याचे आयुष्य गेले.

आता थोडा भूगोल, कारण त्याच्याशिवाय घोष कळत नाहीत.

कोलकाता हुगळीच्या काठावर आहे. पण शहराचा उतार नदीकडे नाही. नदीने शतकानुशतके गाळ टाकून स्वतःचा काठ उंच केला आणि जमीन तिथून पूर्वेकडे, म्हणजे नदीकडे पाठ करून, उतरत गेली. पूर्वेला खाऱ्या पाण्याची मोठी दलदल होती. विद्याधरी नावाची नदी समुद्राची भरती तिथवर आणून सोडायची. इंग्रजांना हा उतार उमगला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम क्लार्क या अभियंत्याने शहराखालून गटारे बांधून सगळे पाणी पूर्वेकडे वळवले. विद्याधरी ते समुद्राला नेईल असा हिशेब होता. नदीने काही काळ तो पाळला. मग गाळाने ती भरत गेली आणि 1928 साली सरकारने तिला मृत नदी ठरवले. तेव्हा कोलकाता महापालिकेचे अभियंते डॉ. बी. एन. डे यांनी कालवे खणून सांडपाणी आणखी पूर्वेला कुल्टी नदीपर्यंत नेण्याची योजना आखली. 1943 साली ती पुरी झाली.

अभियांत्रिकीच्या इतिहासात एवढेच लिहिलेले असते. पण विद्याधरी आटल्यावर दलदलीत भरतीचे पाणी येईनासे झाले, खारेपणा उतरला आणि तिथल्या मच्छीमारांचा धंदा बसला. समोरून वाहत होते ते फक्त शहराचे घाण पाणी. कोणीतरी ते बेताबेताने तलावात घेऊन पाहिले. मासे मेले नाहीत. उलट चांगले पोसले. 1930च्या आसपासपासून हा प्रयोग पसरत गेला आणि दलदलीचे रूपांतर मातीच्या बांधांनी आखलेल्या उथळ तलावांत झाले. या तलावाला बंगालीत भेडी म्हणतात. असे अडीचशेच्या वर तलाव, त्यांच्या आजूबाजूला भातशेती आणि भाजीची रानेही. हे सगळे कोणत्याही खात्याने योजले नव्हते. म्हणून ते कोणत्याही खात्याच्या दप्तरात नव्हते.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने घोष यांच्यावर एक काम सोपवले. शहराचे सांडपाणी पुन्हा वापरता येईल का, याचा अभ्यास करायचा. आपल्याकडे असे काम आले की साधारण काय होते ते सांगतो. परदेशी पुस्तकातला आराखडा काढतात, लोकसंख्या गुणिले दरडोई पाणी असा गुणाकार करतात, जागा शोधतात आणि अंदाजपत्रक वर पाठवतात. घोष यांनी आधी विचारले की आज हे पाणी जाते कुठे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा ते कालव्याच्या कडेकडेने पूर्वेला निघाले आणि भेड्यांमध्ये पोचले. आत जाणारे पाणी काळे, बाहेर पडणारे बऱ्यापैकी निवळलेले, आणि मध्ये मासे. ज्या केंद्राचा आराखडा त्यांनी करायचा होता ते केंद्र समोर चालू होते. विजेशिवाय, यंत्रांशिवाय, आणि वर विकायला मासळी देणारे.

भेडीचे काम कसे चालते ते जरा सावकाश सांगतो. मी तिथे गेलो होतो तेव्हा पुस्तकात वाचलेले अर्धे चुकीचे वाचले होते असे वाटण्याइतके ते साधे निघाले. हिवाळ्यात तलाव रिकामा करतात. तळ उन्हात तापू देतात, गाळ उकरून बांधाला लावतात. मग कालव्याची झडप उघडून सांडपाणी आत घ्यायचे आणि त्याला स्वस्थ पडू द्यायचे, दोन-तीन आठवडे. पाणी उथळ असते, फार तर छातीपर्यंत, म्हणून ऊन तळापर्यंत पोचते. घाणीतले सेंद्रिय द्रव्य जीवाणू फोडतात. त्यातून सुटलेल्या खतावर बारीक शेवाळ फोफावते आणि ते दिवसभर पाण्यात प्राणवायू सोडते. पाण्याचा रंग काळ्याचा हिरवा होतो. तेवढ्यावर मासे सोडतात: रोहू, कटला, मृगल, रुपेरी कार्प, तिलापिया. नंतर हंगामभर थोडे थोडे सांडपाणी आत घेत राहायचे.

शाळेतल्या विज्ञानात न बसणारी गोष्ट याच्या पुढे आहे. आमच्या पुस्तकांतही अशी तळी असतात. सांडपाणी उन्हात ठेवून निवळवण्याची तळी, जगभर बांधतात. त्यांचे घोडे अडते ते शेवाळाशी. ते बेसुमार वाढते, रात्री तेच प्राणवायू खाऊन टाकते, मरते आणि पाणी पुन्हा नासते. भेडीत ते शेवाळ मासे चरतात. बंगालच्या मच्छीमाराने आमच्या विद्येतली एक जुनी अडचण सोडवून ठेवली होती आणि ती अडचण होती हे त्याला ठाऊकही नव्हते. बांधाच्या आतल्या कडेने जलपर्णीचा पट्टा बांबूने अडवून ठेवलेला असतो. आपल्याकडे जलपर्णी म्हटले की निविदा निघते. तिथे ती लाटांपासून बांध वाचवते, उन्हाच्या वेळी माशांना सावली देते आणि पाण्यातले जड धातू काही प्रमाणात मुळांत ओढून घेते. पट्टा रुंद होऊ लागला की माणसे उपसतात. नेमका किती ठेवायचा ते पिढीजात ठरलेले.

आणि प्रयोगशाळा? पहाटे बांधावरून फिरणारा माणूस हीच प्रयोगशाळा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले की पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे, आज झडप उघडायची नाही. रंग फिकट पडला की खुराक कमी झाला आहे, थोडे पाणी घ्यायचे. आमच्याकडे याच निर्णयासाठी नमुना बाटलीत भरून पाठवतात आणि जैविक प्राणवायूच्या मागणीचा आकडा काही दिवसांनी येतो. तोवर काय व्हायचे ते होऊन गेलेले असते.

उजाडायच्या आत मासळी बाजारात पोचते. अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या हंड्यांत पाणी, त्यात जिवंत मासे, आणि हंडी वाहणारा माणूस वाटभर हाताने ते पाणी हलवत असतो, प्राणवायू मिसळावा म्हणून. कोलकात्याच्या गिऱ्हाइकाला मासा जिवंत लागतो. वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासळी या तलावांतून शहराला मिळते, शेजारच्या रानांतून रोज सुमारे दीडशे टन भाजी मिळते, आणि त्या बदल्यात शहर रोज 75 कोटी लिटरच्या वर सांडपाणी तिकडे पाठवते. घोष म्हणत, या शहराला निसर्गाकडून अनुदान मिळते आणि शहर त्याची कुठे नोंदही करत नाही.

नोंद करणे हे त्यांनी स्वतःकडे घेतले. आमच्या व्यवसायात या भागाचे कौतुक फार कमी होते, म्हणून मी त्यावर थांबतो. भेड्या पाहून चांगला लेख लिहिणारे पुष्कळ झाले असते. घोष यांनी मौजावार पाहणी केली. कोणती भेडी कोणाकडे, पाणी कुठल्या कालव्यातून येते, किती खोल, किती मासा, किती माणसे कामाला. भातशेती कुठे, कचऱ्यावरची भाजीशेती कुठे, वस्ती कुठे. मग या सगळ्याभोवती एक रेघ ओढून नकाशा केला. सुमारे 12,500 हेक्टर. त्याआधी हा सगळा प्रदेश म्हणजे शहराबाहेरची रिकामी, डासांची जमीन होती. ती रिकामी समजून तिचा उत्तरेकडचा मोठा भाग आधीच बुजवलाही होता. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या कारकिर्दीत, 1962 साली, एका युगोस्लाव कंपनीकडून हुगळीच्या तळाची वाळू-माती पंपाने आणून तिथे भराव घालायचे काम सुरू झाले आणि सॉल्ट लेक नगर उभे राहिले. सुंदर नगर आहे. त्याच्याखाली काय होते ते नकाशावर नव्हते, म्हणून बुजवताना कोणाला काही बुजवतो आहोत असे वाटले नाही.

नकाशा झाल्यावर रेघेच्या आतल्या जागेला ओळख मिळाली. त्यांनी तिला पूर्व कोलकाता पाणथळी असे नाव दिले. मग त्या नावाने फायली उघडता आल्या. नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना मी काय म्हणतो ते कळेल: फाईल उघडली की ती बंद करायला कारण द्यावे लागते.

मुख्यमंत्री ज्योती बसूंना भेड्यांवर नेले तेव्हाची एक आठवण सांगितली जाते. घोष यांनी तलावातले पाणी पेल्यात भरून घेतले आणि त्यांच्यासमोर पिऊन दाखवले. बसूंना चार परिच्छेदांचे टिपण देऊन जे पटले नसते ते एका पेल्याने पटवले, असा या गोष्टीचा रोख असतो. मला त्यात नाटकापेक्षा आत्मविश्वास दिसतो. शुद्धीकरण केंद्र चालवणारे कितीतरी अभियंते माझ्या ओळखीचे आहेत. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे त्यांचे आकडे उत्तम असतात. पण पेला पुढे केला तर बैठकीची वेळ झाली म्हणून उठतील. मीही उठलो असतो.

1990च्या सुमारास या जागेवर व्यापार केंद्र बांधायचा प्रस्ताव सरकारच्याच बाजूने पुढे आला. शहरातली 'पब्लिक' ही नागरिकांची संस्था कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. प्रतिवादी राज्य सरकार. आणि पाणथळ जागा नेमकी कोणती, तिचा उपयोग काय, याचा पुरावा कोणाचा? राज्य सरकारच्याच अधिकाऱ्याने केलेली पाहणी आणि त्याने काढलेला नकाशा. 1992च्या सप्टेंबरात न्या. उमेशचंद्र बॅनर्जी यांनी निकाल दिला की या पाणथळ जागेत भराव घालायचा नाही आणि जमिनीचा वापर बदलायचा नाही. भारतात पाणथळ जागेसाठी एवढा स्पष्ट निकाल त्याआधी क्वचितच लागला असेल.

त्या दिवसांत घोष कार्यालयात कसे जात असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. पगार सरकारचा, निष्ठेची शपथ सरकारकडे, आणि आपल्या हातचा कागद सरकारविरुद्ध न्यायालयात मांडलेला. नोकरी सोडून चळवळीत उतरले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी खुर्ची सोडली नाही. पर्यावरणाचा कैवार घेणारा कार्यकर्ता आणि पर्यावरण खात्याचा अधिकारी हे दोघे एकाच माणसात राहू शकतात का, हा प्रश्न मला नोकरीत तरुण अभियंते विचारत. मी त्यांना घोषांचे नाव सांगायचो आणि पुढे हेही सांगायचो की यात बढती नाही. अधिकाऱ्याने खरी पाहणी खऱ्या आकड्यांसह लिहून सहीनिशी दप्तरात ठेवली तर ती कोणाच्या उपयोगी पडेल हे त्याच्या हातात राहत नाही. वरिष्ठांना याचीच धास्ती असते. म्हणून तर एवढ्या पाहण्या 'प्राथमिक स्वरूपाच्या' राहतात आणि एवढ्या नकाशांवर तारीख नसते.

बाकीचे भराभर सांगतो. 1990 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'ग्लोबल 500' सन्मानपटावर त्यांचे नाव घेतले. ऑगस्ट 2002मध्ये पूर्व कोलकाता पाणथळीला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, क्षेत्र तेच, 12,500 हेक्टर. रामसर यादीतल्या पुष्कळ जागा पक्ष्यांच्या जोरावर आत येतात. ही आली शहराच्या सांडपाण्यावर माणसांनी चालवलेल्या व्यवस्थेच्या जोरावर. 2006 साली राज्याने या जागेसाठी स्वतंत्र कायदा केला. 2016 साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या परिसंस्था आयोगाचा लुक हॉफमन पुरस्कार घोषांना मिळाला.

इथपर्यंत आलो की श्रोत्यांना वाटते जागा वाचली. तसे नाही, आणि घोष शेवटपर्यंत तेच सांगत राहिले. शहर पूर्वेकडे सरकतेच आहे. रामसरच्या रेघेच्या आत भेडी सुकते, मग तिच्यावर राडारोडा पडतो, मग एक शेड उभी राहते. एक दिवस तिला घरपट्टी लागते. हे एकेक पाऊल टाकायचे तंत्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात मला शिकवावे लागणार नाही. शेवटच्या काळात पाणथळीवरून उड्डाणपूल न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा घोष पुन्हा विरोधाला उभे राहिले.

पण माझ्या मते भराव हे दुखण्याचे वरचे लक्षण आहे. खालचे दुखणे पाण्याच्या पातळीचे. भेडीत सांडपाणी पंपाने येत नाही, उताराने येते. त्यासाठी बानतला इथल्या झडपांपाशी कालव्याची पातळी पुरेशी उंच ठेवावी लागते. पातळी उंच ठेवली तर पावसाळ्यात शहराच्या सखल भागात पाणी तुंबेल अशी मलनिःसारण खात्याला भीती. पातळी खाली आणली की लांबच्या भेड्यांना पाणी मिळत नाही. कालव्यांत गाळ साचला की दोघांचेही हाल. न्यायालयाचा निकाल, रामसरचा दाखला, विधानसभेचा कायदा हे सगळे असूनही मच्छीमाराचे नशीब एका झडपेवर अवलंबून असते आणि झडपेवरच्या माणसाला कायद्याची प्रत कोणी दिलेली नसते. पाणी न मिळालेली भेडी तोट्यात जाते. तोट्यातल्या भेडीचा मालक बिल्डरला नाही म्हणत नाही. म्हणून जागा राखायची तर धंदा राखला पाहिजे, ही घोषांची भूमिका निव्वळ व्यवहाराची होती.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याला बगल देऊन चालणार नाही. गटाराच्या पाण्यातले मासे खायचे? घरगुती मैल्यापुरते बोलायचे तर ऊन, शेवाळ आणि वेळ मिळून रोगजंतू फार मोठ्या प्रमाणात मारतात, आणि मासा शिजवून खातात. खरी काळजी कारखान्यांच्या पाण्याची. कोलकात्याच्या पूर्वेला तांगरा, तिलजला, टोपसिया भागांत चामडे कमावायचे कारखाने दाटीने होते आणि त्यांच्या पाण्यातून क्रोमियम यायचे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते हलवायचा आदेश दिला. हलवले कुठे? बानतलाला, पाणथळीच्या अगदी कडेला. घोष भेड्यांच्या बाजूने बोलताना कधी कधी या प्रश्नावरून जरा लवकर पुढे सरकतात असे मला त्यांचे लेखन वाचताना वाटते. भेडीच्या मालकीच्या बाबतीतही तसेच. काही भेड्या सहकारी आहेत, काही सरकारी मत्स्य महामंडळाच्या, पण मोठा भाग खासगी मालकांचा किंवा ठेकेदारांचा आहे. पाण्याचे ज्ञान छातीभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या मजुराचे असते, नफ्याचा हिशेब काठावर होतो. सुशिक्षितांनी अडाण्यांच्या ज्ञानाला ज्ञान म्हणून पंगतीला बसू दिले नाही, असे घोष फार तीव्रतेने म्हणत. त्यांची ती चीड खरी होती. मजुरीच्या प्रश्नावर तशीच चीड त्यांच्या लिखाणात मी शोधत राहिलो. आहे, पण उशिरा येते.

आपल्याकडचे थोडे. मुंबईने वरळी आणि वांद्रे इथून समुद्रात साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब बोगदे काढून सांडपाणी आत सोडले. मुंबईचा उतार आणि भरती पाहता त्या काळी तो हिशेब समजण्यासारखा होता. मला त्याहून जवळचे उदाहरण वाटते ते उजनीचे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, शुद्ध झालेले आणि न झालेले, मुळा-मुठा आणि पवनेतून भीमेत येते आणि उजनीच्या जलाशयात साठते. त्या पाण्यावर चिलापी मासा बेसुमार झाला, भिगवणला मासळीचा मोठा बाजार उभा राहिला, जलपर्णी पसरली, रोहित पक्षी आले आणि त्यांच्यामागे कॅमेरेवाले. चिलापी म्हणजे भेडीतलाच तिलापिया. म्हणजे कोलकात्यात जे घडते त्याचे सगळे सामान इथे हजर आहे: शहराची घाण, ऊन, शेवाळ, मासा आणि जाळे टाकणारा माणूस. फक्त मधला भाग गायब. पाणी किती घ्यायचे, कधी थांबवायचे, जलपर्णी कुठवर राहू द्यायची हे ठरवणारा तिथे कोणी नाही, कारण झडपच नाही. जे येईल ते जलाशय पोटात घेतो. उजनीच्या मच्छीमाराला पाण्याचा रंग वाचता येत नसेल असे मला मुळीच वाटत नाही. त्याचे वाचन कोणत्याही खात्याने विचारलेले नाही. पुण्याचे मलनिःसारण खाते शहराच्या हद्दीवर थांबते, पाटबंधारे खाते घनफूट मोजते, मत्स्यव्यवसाय खाते परवाना देते. घोषांना अशा तीन टेबलांच्या मधल्या जागेत काम सापडले होते.

कोणी म्हणेल, उजनीत भेड्या काढा. मी तसे सुचवत नाही. कोलकात्याचा उतार, तिथली सपाटी, तिथली शंभर वर्षांची सवय उचलून आणता येत नाही. घोष यांनी स्वतः गंगा कृती योजनेच्या काळात इतर गावांसाठी सांडपाण्याची मत्स्यतळी आखून पाहिली. ती टिकवायची कोणी, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने उभा राहिला. तळे सहा महिन्यांत खणता येते. पहाटे बांधावरून फिरणारा माणूस तेवढ्या वेळात तयार होत नाही आणि निविदेतही बसत नाही.

शेवटी त्यांच्या एका पुस्तकाविषयी बोलून थांबतो. भेड्यांवरचे त्यांचे 2005चे पुस्तक अभ्यासकांच्या हाती असते. मला जास्त जवळचे वाटते ते 'द ट्रॅश डिगर्स', मृत्यूच्या आदल्या वर्षी आलेले. ते धापावरच्या माणसांविषयी आहे. धापा म्हणजे कोलकात्याचा कचरा डेपो, पाणथळीच्याच रेघेत. तिथे एकोणिसाव्या शतकापासून कचऱ्यावर भाजी पिकते. कचऱ्याने भरलेल्या जमिनीची एक पट्टी, शेजारी लांबट चराचे तळे, त्यात साठवलेल्या सांडपाण्याचे शिंपण, मग पुन्हा पट्टी. कोबी, फुलकोबी, पालेभाज्या. आणि डेपोवर ताज्या ट्रकमागे धावणारी माणसे, हातात आकडा, पाठीवर पोते. काच वेगळी, लोखंड वेगळे, प्लास्टिक रंगावरून वेगळे. कोण कुठल्या गाडीवर आधी हात घालणार याचे त्यांचे नियम ठरलेले असतात. तिथल्या बायका किती वाजता येतात, मुले काय खातात, पोते कोण विकत घेतो आणि भाव कोण पाडतो, हे सगळे घोषांनी पूर्वी भेड्यांची खोली आणि मासा मोजला त्याच शिस्तीत लिहून काढले आहे. मघाशी मी ज्या चिडीविषयी बोललो ती इथे आहे. वयाच्या या टप्प्यावर, पुरस्कार मिळालेला, निवृत्त अधिकारी पुन्हा उकिरड्यावर जाऊन पाहणी करतो, हे मला त्यांच्या सगळ्या कामाला धरूनच वाटते.

2006च्या कायद्याला परिशिष्ट जोडले आहे. मौजावार, जमिनीच्या तुकड्यांचे क्रमांक, प्रत्येकासमोर त्याचा वापर: तलाव, भात, भाजी, वस्ती. घोषांच्या नकाशाची ही कायद्यातली नक्कल म्हणायला हरकत नाही, आणि न्यायालयात ती अजून कामाला येते. त्या परिशिष्टात कचरा वेचणारी बाई नाही, हंडी वाहणारा नाही, झडप उघडण्याआधी पाण्याचा रंग पाहणाराही नाही. जमिनीचा तुकडा बुजवला तर गुन्हा नोंदवता येतो. त्यावर काम करणारा माणूस उठून गेला तर कोणत्या कलमाखाली नोंद करायची, हे कायद्यात लिहिलेले नाही. धापाच्या माणसांची यादी घोषांनी पुस्तकात केली. सरकारी कागदावर ती यायची आहे.